कांद्याच्या बियाण्याचा पावसाळा

मे महिना लागला की खेड, शिरूर आणि मावळच्या पूर्वेकडच्या गावांत गरवा कांदा चाळीत भरायची घाई असते. त्याच दिवसांत, ज्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोट लावले होते त्यांच्या खळ्यावर कांद्याचं बीही तयार होतं. कांद्याकडे घरातलं प्रत्येक माणूस लक्ष देतं. बी मात्र दोन-चार उन्हं दाखवून कापडी पिशवीत बांधलं जातं, खुंटीला टांगलं जातं आणि थेट दसऱ्याच्या सुमाराला, गादीवाफे तयार झाले की खाली उतरतं. मग वाफ्यात रोप विरळ दिसलं की दोष कधी परतीच्या पावसाला जातो, कधी पाण्याला, कधी वाणाला. ही कारणं काही वेळा खरीही असतात. पण घरच्या बियाण्याची उगवण घटते ती बहुतेक वेळा ऑक्टोबरात नाही, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, पिशवीतल्या पिशवीत. म्हणून रब्बीच्या रोपवाटिकेचं सर्वांत मोलाचं काम मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात करायचं आहे. बी ६ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवायचं आणि हवाबंद करायचं. हे काम साधलं तर पुढची कामं सोपी जातात. हे चुकलं तर वाफ्यावर केलेला कोणताही खर्च ते भरून काढत नाही.

भाजीपाल्याच्या बियाण्यांत कांद्याचं बी सर्वांत अल्पायुषी गणलं जातं. टोमॅटो किंवा वांग्याचं बी साध्या पुडीत दोन-तीन वर्षं तग धरतं. कांद्याचं बी आपल्याकडच्या उघड्या हवेत वर्षभरात उगवणशक्तीचा मोठा भाग गमावतं. हे बी काळं, तीन कडांचं, सुरकुतलेलं असतं. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे दाणे बसतात. इतक्या बारीक दाण्याला भोवतालची हवा सगळीकडून लागते, म्हणून हवेतली ओल तो झटकन शोषतो आणि तितक्याच झटकन सोडतो. ओल वाढली की दाण्याचा श्वास वाढतो, साठवलेलं अन्न खर्ची पडतं, आतल्या तेलाचं विघटन होतं, पेशींची आवरणं झिजतात आणि बुरशीला आयतीच जागा मिळते. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. मेलेलं बीही तितकंच काळं आणि तितकंच खडखडीत वाटतं, आणि फसगत तिथेच होते.

बियाणं-शास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी घालून दिलेला एक ठोकताळा आज जगभर वापरला जातो. बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की साठवणीचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवलं तरी तेवढाच फायदा मिळतो. ओलाव्याचा नियम ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान लागू पडतो. आता आपल्याकडचं हवामान पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये पुणे परिसरात सकाळची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते आणि दुपारीही ७० च्या फारशी खाली येत नाही. कांद्याचं बी ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडं राहिलं तर त्याचा ओलावा सुमारे १३ टक्क्यांवर जाऊन स्थिरावतो. म्हणजे मे महिन्यात कितीही खडखडीत वाळवलेलं असो, कापडी पिशवीतलं बी पावसाळ्यात काही दिवसांतच १३ टक्क्यांच्या घरात जातं. केंद्राच्या किमान बियाणे प्रमाणकांनुसार कांद्याच्या बियाण्याची उगवण निदान ७० टक्के हवी. ओलावा साध्या पिशवीत जास्तीत जास्त ८ टक्के आणि बाष्परोधक वेष्टनात जास्तीत जास्त ६ टक्के चालतो. १३ आणि ६ यांत ७ टक्क्यांचं अंतर आहे. दुपटीचा नियम सात वेळा लावला तर कागदावर आयुष्यातला फरक शंभर पटींच्या पुढे जातो. शेतावरच्या साठवणीत तो इतका काटेकोर मिळणार नाही, ठोकताळा तो ठोकताळाच. पण त्याचा दहावा हिस्सा जरी पदरात पडला तरी चार महिन्यांचा पावसाळा बियाण्याला जड जात नाही.

यावर पहिला प्रश्न येतो तो उन्हाचा. आम्ही चांगलं कडक ऊन दाखवतो, मग आणखी काय सुकवायचं? ऊन लागतंच, पण त्याची मजल ठरलेली आहे. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत कांद्याचं बी सुमारे ८ टक्क्यांवर थांबतं, आणि २० टक्के आर्द्रतेतही ६ च्या किंचित वरच राहतं. चाकणला एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २०-३० टक्क्यांपर्यंत उतरते, पण पहाटे ती पुन्हा पन्नाशीच्या पुढे जाते आणि रात्रभर उघडं पडलेलं बी दिवसा गमावलेली ओल परत घेतं. शिवाय वळीव आहेच. २०२५ साली तर मान्सूनच २६ मे रोजी पुण्यात येऊन थडकला. ज्यांनी बी वाळवण्यासाठी मेअखेरची उन्हं राखून ठेवली होती, त्यांना ती मिळालीच नाहीत. तेव्हा उन्हावर ८ टक्क्यांपर्यंत यायचं, आणि शेवटचे दोन टक्के बंद डब्यात शोषकाच्या मदतीने काढायचे, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

उन्हाचं वाळवणही डोळसपणे करावं लागतं. गोंड्यातली दहा-वीस टक्के बोंडं तडकून आतलं काळं बी दिसू लागलं की गोंडा काढायचा. सगळे गोंडे एकदम पिकत नाहीत, म्हणून दोन-तीन तोडण्या कराव्या लागतात. एकाच तोडणीत उरकलं तर कोवळं बी मिसळतं, आणि कोवळं बी साठवणीत सर्वांत आधी मरतं. मळणीनंतर पोचट बी वेगळं करायला अनेक जण सगळं बी पाण्यात टाकतात आणि तरंगलेलं काढून घेतात. त्याने बी स्वच्छ होतं हे खरं, पण ते मिनिट-दोन मिनिटांत उरकून बी ताबडतोब पातळ पसरलं पाहिजे. ओलं बी ढिगाने रात्रभर राहिलं तर नुकसान तिथेच झालं. शक्य असेल तर पाण्याऐवजी उफणणी आणि चाळणीवर भागवावं. वाळवताना बी काळं आहे हे विसरू नये. मेच्या दुपारी सिमेंटच्या खळ्यावर, पत्र्यावर किंवा काळ्या ताडपत्रीवर पसरलेला काळा दाणा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि ४० अंशांपुढची उष्णता ओल्या बियाण्याला मारक ठरते. कापडावर पातळ थर, सकाळचं ऊन, दुपारी सावलीतली वाहती हवा, दिवसातून चार-पाच वेळा हलवणं आणि मावळतीपूर्वी गुंडाळून झाकण लावलेल्या डब्यात ठेवणं. यात खर्च काहीच नाही, कोणीतरी लक्ष ठेवायला मात्र हवं.

पुढचं काम सिलिका जेलचं. औषधांच्या बाटल्यांत आणि यंत्रांच्या सुट्या भागांच्या खोक्यांत पुड्या असतात तोच हा पदार्थ. औद्योगिक पट्ट्यात असल्याने पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या बाजारात तो सुटा, किलोवर मिळतो. किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. एक किलो बी ८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणायला साधारण २० ग्रॅम पाणी काढावं लागतं. कोरड्या हवेत सिलिका जेल आपल्या वजनाच्या दहाव्या भागाइतकं पाणी धरून ठेवतं, म्हणजे दोनशे ग्रॅम जेल नेमकं पुरेल. थोडी सूट धरून किलोमागे अर्धा किलो घ्यावं. एकराच्या रोपासाठी तीन-चार किलो बी वापरणाऱ्याला दोन किलो जेल पुष्कळ झालं, आणि ते एकदाच घ्यायचं आहे. रंग बदलला की लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत तापवायचं, मूळ रंग आला की बंद बरणीत निवू द्यायचं. तेच जेल अनेक वर्षं चालतं. ही कढई पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो आणि तो आरोग्याला अपायकारक आहे, म्हणून केशरी रंगाचं घ्यावं. जेल कापडी पुरचुंडीत बांधून बियाण्याबरोबर ठेवावं, दाण्यांत मिसळू नये. या पट्ट्यातल्यांसाठी आणखी एक सावधगिरी आवर्जून सांगायला हवी. कारखान्यांतून भंगारात येणारे ड्रम, डबे आणि प्लास्टिकच्या पिशव्या स्वस्त आणि मजबूत दिसतात, पण त्यांत रसायनांचा अंश असू शकतो. सुट्या भागांच्या कित्येक पिशव्यांना तर मुद्दामच गंजरोधक रसायन लावलेलं असतं. बियाण्याला त्यांचा स्पर्शही नको.

हवाबंद कशाला म्हणायचं, याबाबत गैरसमज फार आहेत. पोतं आणि कापड तर उघडंच. साखरेच्या किंवा दुधाच्या पातळ पिशवीतून बाष्प हळूहळू आत जातंच. स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं तरी रबराचं कडं नसेल तर फटीतून हवा खेळते. रबरी कड्याची काचेची बरणी, ७०० गेजची जाड पॉलिथिन पिशवी तोंड चिकटवून, किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेली पाकिटं यांवर भरवसा ठेवता येतो. आत किती कोरडं आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. खोलीतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. बरणी तीन-चतुर्थांश भरायची, वर ते यंत्र ठेवायचं, झाकण लावून रात्रभर सावलीत राहू द्यायचं. सकाळी काचेतून आकडा वाचायचा. ३० दिसला तर बी ८ टक्क्यांच्या आसपास आहे. २० च्या खाली दिसला तर काम झालं. आकडा खाली येईपर्यंत जेल ताजं करत राहायचं. मात्र दिवसाआड झाकण उघडून बघत बसलं तर पावसाळी हवा पुन्हा आत शिरते, हे लक्षात असू द्यावं.

इथे जुनी जाणती माणसं विचारतात की आमच्या आज्या-पणज्यांनी कुठे जेल वापरलं होतं? त्यांचं बी उगवतच होतं ना? उगवत होतं, आणि त्याला कारण होतं. मडक्यात राखेत घालून, तोंड शेणामातीने लिंपून बी ठेवलं जाई, नाहीतर चुलीच्या वरच्या बाजूला टांगलं जाई. कोरडी राख ओल शोषते, लिंपण हवा अडवतं, आणि रोज दोन वेळा पेटणारी चूल पावसाळ्यातही ती जागा कोरडी ठेवते. तत्त्व आजचंच होतं. आता गॅस आला, स्लॅबची घरं आली, भिंती पावसाळ्यात ओल धरू लागल्या. मडकं, राख आणि चूल गेली आणि मागे फक्त खुंटी राहिली. परंपरा पाळायचीच तर ती पूर्ण पाळायला हवी, अर्धी पाळून भागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंट ब्रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात उष्ण-दमट देशांसाठी ‘ड्राय चेन’ नावाने हाच विचार मांडला. पीक निघाल्याबरोबर सुकवा आणि वापरेपर्यंत कोरडंच ठेवा, असं ते सांगतात.

दुसरी शंका, बंद डब्यात बी गुदमरतं. ओलं बी बंद केलं तर ते मरतंच, आणि उघड्या पिशवीपेक्षा लवकर मरतं, कारण आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ज्यांना हा अनुभव आला त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ६ टक्क्यांवरच्या दाण्याचा श्वास इतका मंद असतो की हवेची अडचण येत नाही. जगभरच्या जनुकपेढ्या बियाणं याच पद्धतीने, आधी सुकवून मग सीलबंद करून, दशकानुदशकं ठेवतात. फ्रीज किंवा शीतगृह नसेल तर काय, याचं उत्तरही हॅरिंग्टन यांच्याच दुसऱ्या ठोकताळ्यात आहे. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचे टक्के यांची बेरीज शंभराच्या आत असावी, असा तो नियम. पावसाळ्यात घरात २५ अंश सेल्सिअस, म्हणजे ७७ फॅरनहाइट धरलं आणि पिशवीभोवतीची आर्द्रता ८५ असली तर बेरीज १६२ होते. तेच बी त्याच घरात, पण आतली आर्द्रता २० असलेल्या बरणीत असेल तर बेरीज ९७. ऑक्टोबरपर्यंतच्या साठवणीला वीज लागत नाही. फ्रीज असेल तर उत्तम, पण त्यातही बी सीलबंदच हवं. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर दव साचतं.

तिसरा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो. उगवण कमी असेल तर बी थोडं जास्त टाकू. हा हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण बियाण्याची ताकद उगवणीच्या आधी ढासळते. सत्तर टक्के उगवणारं दमदार बी आणि पावसाळ्यात खचून सत्तरवर आलेलं बी सारखं नसतं. खचलेलं बी उशिरा आणि मागेपुढे उगवतं. वाफ्यात एक रोप पेन्सिलीएवढं आणि शेजारचं काडीएवढं, असं चित्र दिसतं. अशी असमान रोपं एकाच दिवशी लावली की कांदा लहानमोठा निघतो, एकाच वेळी पिकत नाही, माना नीट पडत नाहीत आणि जाड मानेचा कांदा चाळीत आधी सडतो. चाकणच्या बाजारात निवड न झालेल्या मालाला काय भाव मिळतो हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. जास्त बी टाकून रोपांची संख्या भरून निघेल, पण त्यांचा सारखेपणा परत येणार नाही.

मग घरचं बी कशाला, दरवर्षी विकतच घेऊ, असंही काही म्हणतात. ज्यांच्याकडे गोट लावायला जागा नाही त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. कारखाने, गोदामं आणि प्लॉटिंगमध्ये तुकड्या-तुकड्यांनी उरलेल्या शेतीत शेजाऱ्याच्या दुसऱ्या वाणापासून बीजोत्पादनाला लागणारं किमान अर्ध्या किलोमीटरचं अंतर राखणं अवघड झालं आहे. मधमाश्यांना बांध दिसत नाही. सुदैवाने या भागाला संशोधन दूर नाही. कांदा व लसूण संशोधन संचालनालय १९९८ पासून राजगुरुनगरला आहे, आणि रब्बीसाठी भीमा किरण, भीमा शक्ती हे साठवणीला चांगले वाण तिथलेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस असलेला एन-२-४-१ तर जुन्या माणसांच्याही परिचयाचा आहे. पण विकतचं बी म्हणजे पावसाळा टळला असं नाही. तेही एप्रिल-मेमध्येच निघालेलं असतं, फक्त त्याचा पावसाळा दुसऱ्याच्या गोदामात जातो. म्हणून खूणचिठ्ठीवरची चाचणीची तारीख आणि मुदत वाचावी. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून ९ महिन्यांची असते आणि फेरचाचणीशिवाय ती वाढत नाही. सुटं, डब्यातून मोजून दिलेलं बी घेऊ नये. पावती, पिशवी आणि मूठभर नमुना हंगाम संपेपर्यंत जपावा. आणि सप्टेंबरात मोठी पिशवी आणली तर उरलेलं बी उघडं न ठेवता लगेच बरणीत बंद करावं.

हे सगळं कांद्याच्या बियाण्यापुरतं आहे, हे ठळकपणे सांगायला हवं. सोयाबीनला ६ टक्क्यांपर्यंत सुकवलं तर त्याचं नाजूक टरफल तडकतं. त्याला १० ते १२ टक्के ओलावा, कमी उंचीची थप्पी आणि आपटण्यापासून बचाव हवा. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींनी राज्यभर गोंधळ उडाला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठालाही त्यात लक्ष घालावं लागलं, तेव्हापासून घरच्या बियाण्याची उगवण तपासायची सवय अनेकांना लागली. तीच सवय कांद्याला लागावी. बटाट्याचं बेणं आणि गोटासाठी निवडलेला कांदा हे तर जिवंत, पाण्याने भरलेले कंद आहेत. त्यांना खेळती हवा लागते, त्यांना हवाबंद करणं म्हणजे सडवणं. गोट निवडण्यासाठी ऑक्टोबरातली चाळ हीच खरी परीक्षा आहे. पाच महिने न सडता, न कोंबता टिकलेला, मध्यम आकाराचा, एका डोळ्याचा, बारीक मानेचा कांदा पुढच्या बियाण्यासाठी राखावा. भाव चढला म्हणून नेमका तोच विकून टाकायचा आणि उरलासुरला गोटाला लावायचा, हे वाणाचं नुकसान आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बरणी एकदाच उघडावी. न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावेत, असे चार संच करावेत. जाड ओल्या कागदावर ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती सैल पिशवीत घालून घरातल्या थंड कोपऱ्यात उभी ठेवावी आणि कागद ओलसर राहील एवढंच पाणी शिंपडावं. सहाव्या दिवशी एक मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. या दोन मोजण्यांतला फरकही बोलका असतो. बहुतेक दाणे सहाव्या दिवशीच फुटले असतील तर बी दमदार आहे. बाराव्या दिवसापर्यंत रेंगाळत सत्तरी गाठली असेल तर ते बी थकलेलं समजावं. सत्तरच्या खाली आलं तर नवं बी शोधायला अजून महिना हातात असतो. ऑक्टोबरअखेरीस ही गोष्ट कळली तर मिळेल ते, मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं. रोप टाकून उरलेलं बी बरणीत ताज्या जेलबरोबर परत सीलबंद करावं, वर वाण, काढणीचा महिना आणि मोजलेली उगवण लिहावी. गरव्या वाणाचं हे बी खरिपात टाकून उपयोग नाही, ते पुढच्या रब्बीसाठीच राखायचं, आणि पुढच्या सप्टेंबरात पुन्हा चारशे दाणे मोजल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही.